बर्फावरची पट्टी, वाळूवर

नाही, मी म्हणतो, सरळ विचारलं की माणसाने सरळ सांगावं की नाही? वस्तू चांगली की वाईट? एक शब्द! पण हे एक्स्पर्ट लोक... ह्यांनी तोंड उघडलं की आपलं डोकं बंद! आमच्या सुदेशचंच घ्या. माझा रूममेट हो, मूळ गुहागरकडचा, दुबईच्या देरा भागात खैरुद्दीन शेठच्या ट्रेडिंग कंपनीत पॅकर. आता तुम्हाला सांगतो, सत्त्याण्णव साल, आणि ह्या शेठला डोहाळे कसले लागावेत? स्की विकायचे! दुबईत!

स्की म्हणजे त्या लांब पट्ट्या, पायाला अडकवून बर्फावरून घसरतात त्या. सुदेशने बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीत. बिचारा म्हणाला, "शेठ, इधर बर्फ किधर है?" शेठ उसळलेच, "मियाँ, दुबई में सोने की खान है क्या? फिर भी सोना बिकता है ना! माल आएगा, लेबनान जाएगा, ईरान जाएगा, तुम काहे को टेन्शन लेते?" 

तर कंपनीने नमुन्याची एक जोडी पाठवलेली. 'ऑल-माउंटन' म्हणे. कडक बर्फ, मऊ बर्फ, उभा डोंगर, आडवा डोंगर, सगळीकडे ही एकच पट्टी! शेठ म्हणाले, एक्स्पर्टला चालवायला दे, आणि मला एका शब्दात सांग, चांगली की वाईट. जमवलंस तर सेल्समन करतो. आणि इथे हसू नका हं! सुदेशच्या व्हिसावर लिहिलेलं 'पॅकर', आणि पॅकरला बायको आणता येत नाही. सेल्समन झाला की येते. लग्न झाल्यापासून तो आणि ममता एकत्र नांदले किती, तर त्याला सुट्ट्या मिळाल्या तेवढे. दर फोनवर तिचा एकच प्रश्न, "अहो, मग कधी?" म्हणजे स्की गेली खड्ड्यात, त्या दोन पट्ट्यांवर ह्याचा संसार अडकलेला!

एक्स्पर्ट कोण, तर यूनुस. लेबनानी, लहानपणापासून तिकडच्या डोंगरांवर घसरलेला, इथे एका हॉटेलात मॅनेजर. ऑफिसात आला, पट्टी उचलली, वाकवली, टकटक वाजवून बघितली... आपण नारळ घेताना करतो ना, अगदी तसं! आणि सुरू झाला, "हबीबी, पुढून सॉफ्ट आहे, शेपटीत ताकद आहे. स्लो चालवलीस तर चुका माफ करते. फास्ट चालवलीस तर नर्व्हस होते." पट्टी नर्व्हस? अहो, नर्व्हस तर सुदेश होता! "सर, गुड ऑर बॅड?" "डिपेंड्स, हबीबी. नवशिक्याला आवडेल. एक्स्पर्टला वाटेल, ही माझं ऐकत नाही." "मीन्स बॅड?" "नो, नो! बॅड नाही, प्लेफुल!" घ्या! माफ करते, घाबरते, खेळते... पट्टी आहे की कुणाची भाची? आणि चांगली की वाईट, ते ह्यात कुठे आहे?

खरं काय ते उतारावरच कळेल म्हणाला. उतार कुठला, तर हत्ता रोडवरची ती लाल वाळूची टेकडी. शुक्रवारी सकाळी जायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी शेठनी बजावलं, "सॅम्पल वापस करना है. एक भी स्क्रॅच आया तो देखो!"

झालं! आता आपला माणूस काय करणार? गावी न्यायच्या टीव्हीच्या खोक्याला आपण टेप किती मारतो? खोका दिसेनासा होईपर्यंत! आणि सुदेश तर त्यातला दादा. देरातल्या कोणत्याही कोकणवाल्याचा खोका बांधायचा तर यालाच बोलावणं. त्याने पट्ट्यांच्या तळाला टेप मारली. पारदर्शक, रुंद, दोन थर, कडांवरून वळवून, बोट फिरवलं तरी कळू नये अशी. आता त्या कडा असतात लोखंडी, धारदार, त्या रुततात म्हणून माणूस वळतो. पण हे सुदेशला कोण सांगणार? त्याला आपलं वाटलं, एवढी धार आहे, कुणाला लागेल!

टेकडीवर सुदेशने चादर अंथरून पट्ट्या मांडल्या. यूनुसने बूट कचकन अडकवले, गॉगल चढवला, म्हणाला "यल्ला!" आणि... अहो सुटला तो सुटलाच! वाळूत स्की अडखळते म्हणे, ही अडखळेचना! तो डावीकडे वाकतोय, पट्टी सरळ. उजवीकडे वाकतोय, पट्टी सरळ. खाली एक फॅमिली बिर्याणी उघडून बसलेली, त्यांच्या मधून, पातेलं उडवून, गेला तो थेट एका काटेरी झाडात!

सुदेश धापा टाकत खाली. बघतो तर यूनुसच्या दाढीत वाळू, कानावर भात, आणि गडी हसतोय! "वल्ला, काय ग्लाइड! वाळूवर असं काही मी जन्मात पाहिलं नाही! पण वळतच नाही. मग एक्स्पर्टला काय उपयोग?" "सर... गुड ऑर बॅड?" "ग्लाइड ग्रेट, ग्रिप झीरो!" म्हणजे पुन्हा तेच! अरे बाबा, चांगली की वाईट?

मग यूनुसने पट्टी उलटी केली. टेपचं एक टोक सुटलं होतं, ते धरून फर्रकन ओढलं आणि सुदेशकडे बघितलं. सुदेशला वाटलं, संपलं, ममता राहिली गुहागरात! पण एक्स्पर्टच तो, त्याला खात्री करायची खाज. एका पायाची टेप काढली, दुसऱ्याची ठेवली, वर गेला आणि पुन्हा सुटला. आता एक पाय पळतोय, दुसरा वाळूत रुतून बसतोय, आणि मधला यूनुस जात्यासारखा गरगर गरगर... खाली पोचल्यावर शारजा कुठे आणि मस्कत कुठे, त्याला कळेना!

शनिवारी सुदेश शेठपुढे उभा. म्हणाला, "शेठ, टेप लगाया तो भागता है, मुडता नहीं. टेप निकाला तो मुडता है, भागता नहीं." शेठ ओरडले, "सीधा बोलो, अच्छा कि बुरा?" आणि सुदेशच्या तोंडून निघालं, "...डिपेंड्स, शेठ."

तुम्हाला वाटलं, शेठनी हाकललं? अहो, मिठी मारली! यूनुसचा फोन आधीच येऊन गेलेला. हॉटेलच्या पाहुण्यांना वाळूवर घसरायला त्याला तसल्याच पट्ट्या हव्यात, टेपवाल्या! वळायचं कुणाला पडलंय, पाहुण्यांना फोटो पाहिजे! स्क्रॅच विसरले, सॅम्पल विसरले, "पूरा कंटेनर मंगाता हूँ," म्हणाले. सुदेशने भीत भीत विचारलं, "तो शेठ... मेरा वो सेल्समन का?" शेठ म्हणाले, "सेल्समन तो कोई भी मिल जाएगा, मियाँ! पर ऐसा टेप कौन मारेगा? तुमको पॅकिंग से निकाला तो मेरा धंदा खलास!"

त्या रात्री सुदेशने घरी फोन लावला. आम्ही बाजूला, ऐकत नसल्यासारखे. शेठ कसे खूश झाले, कंटेनर कसा येतोय, सगळं सांगितलं त्याने. तिकडून ममता म्हणाली, "अहो, मला काहीच कळेना. म्हणजे तुम्ही पास झालात की नापास?"

"पास गं," सुदेश म्हणाला. "एवढा चांगला पास झालो, की त्याच वर्गात ठेवलंय मला."