खणाचा ब्लाउज, आतल्या बाजूने

नाही, तो मोबाइल ठेवा बाजूला. फोटोवरून कापड बेतता येत नाही, ताई — नमुना आणलाय म्हणालात ना, तो काढा पिशवीतून. चष्मा कुठे गेला माझा… हां, कपाळावरच आहे. बसा, त्या स्टुलावर बसा, पाय हलतो त्याचा, पण अजून कुणी पडलेलं नाही. तर तुम्ही पुण्याच्या, चारुताताई, आणि दुकानात काय विकता म्हणालात? व्हिंटेज. म्हणजे जुनं. मग जुनं म्हणा की सरळ! जुनं म्हटलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही, होय ना? माहीत आहे मला. इथे मालवणात दहा वर्षांपूर्वी खण काढून दाखवला की पोरी नाक मुरडायच्या — ‘काय ओ सदानंद टेलर, म्हातारीचा कापड दाखवतास’ — आणि आता त्याच खणाच्या पर्सा, त्याच खणाच्या डायऱ्या, त्याच पोरी मिरवतात. भिंतीवर एक बोर्ड लावलाय, त्यावर रोज जुन्या कपड्याचा एखादा तुकडा टाचता आणि सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघून तुम्हाला काहीतरी सुचतं, असं म्हणालात. चांगलं आहे की. हसत नाहीये मी, माझं तोंडच तसं आहे.

मलाही तसंच सुचायचं. एकदा एका किरिस्तांवांच्या लग्नाला गेलो होतो — गिऱ्हाईक माझं, आग्रहाने बोलावलेलं — तिथे करवलीच्या फ्रॉकचा हात बघितला. खांद्याशी हा असा फुगा आणि दंडावर घट्ट. जेवणात लक्ष लागेना. मी सारखा तिच्या दंडाकडे बघतोय, तिचा बाप माझ्याकडे बघतोय, मार खायचीच वेळ आली होती! घरी येऊन वर्तमानपत्राचे कागद कापत बसलो. सात कागद फुकट गेले, आठव्याला फुगा बसला. मग काय, तोंडवलीपासून देवगडपर्यंतच्या बायका फुग्यासाठी माझ्याकडे. म्हणून म्हणतो, बघून शिकण्यात चोरी नाही. तुम्ही बघा, मी शिवतो. पण नीट बघा. आणा तो.

वा. खण आहे — आणि हातमागाचा आहे, बरं का, हल्लीचा चकचकीत नाही. वांगी रंग अजून टिकलाय. गोव्याच्या दुकानात मिळाला म्हणालात, हँगरला लावलेला? आणि त्या दुकानवाल्याला कुठून मिळाला? ते त्याने नाही सांगितलं. तुम्हीही नाही विचारलं. अहो, सरळ आहे — भांडीवालीकडून. ती दारोदार फिरते, जुने कपडे घेते, त्या बदल्यात टोप देते, आणि मग ती गाठोडी कुठे कुठे जातात ते देवाला ठाऊक. हात बघा याचा. फुगाच आहे. चुण्या बघा, मागच्या बाजूला वळवल्यात, म्हणजे काखेत कापड जमत नाही. हे पुण्यात कुणी करणार नाही. गोव्यातही नाही. हे फक्त… थांबा. जरा उजेडात धरतो.

काही नाही. पाणी नको मला. नको म्हटलं ना.

हळू बोलू आपण, ही आत पडलीय. माझी बायको, आनंदी. दुपारी डोळा लागला तर लागतो, नाहीतर नाही. ताई, हे हाताच्या काठावर भरलंय ना, ही बारीक फुलं — ओवळाची फुलं आहेत ती, तुमच्याकडे बकुळ म्हणतात. साखळी टाका. हे तिने भरलंय. कसं ओळखलं म्हणजे? पंचावन्न वर्षं संसार केलाय. ती फुलाला सात पाकळ्या काढते, कुणी कितीही सांगितलं तरी सातच. आणि ब्लाउज मी शिवलाय. आमच्या दुर्गेच्या लग्नात. मुलगी माझी. एकच होती. खारेपाटणकडे दिली होती, चांगलं घर, मोठं घर, माणसं शिकलेली — सगळं बघून दिली होती. तीस-बत्तीस वर्षं झाली. शिवायला मी चार दिवस घेतले. एका ब्लाउजला चार दिवस! गिऱ्हाईकं ओरडत होती, म्हटलं ओरडा.

काय म्हणालात? असे बारा हवेत? आणि आतल्या शिवणी — त्याही तशाच? वर दिसतील अशा? थांबा, मला नीट कळू द्या. हे उलटं केल्यावर कुशीला ज्या रेघा दिसतात, एकाच्या आत एक, वेगवेगळ्या दोऱ्याच्या, त्या तुम्हाला आवडल्या. कपड्याचा इतिहास दिसतो म्हणता. त्याच्यावरूनच तुम्हाला सगळं सुचलं. बोर्डावरसुद्धा त्याचाच फोटो आहे. बरं. मग इतिहास ऐकून जा, फुकट सांगतो.

ही सगळ्यात बाहेरची, वांगी दोऱ्याची, ही मूळ शिवण. चौतिशी छाती. शिंपी आत थोडं कापड जास्तीचं ठेवतो, पोरगी अंगाने भरली तर सोडता यावं म्हणून. मीही ठेवलं होतं, भरपूर ठेवलं होतं. लग्न झालं मे महिन्यात. चवथीला, म्हणजे गणपतीला, ती माहेरी आली. म्हणाली, “बाबांनू, ह्यो ब्लाउज ढिलो झालो, जरा आत घेवन देवा.” मी मापसुद्धा घेतलं नाही. तिने स्वतःच टाचण्या लावून आणल्या होत्या, कुशीला दोन्हीकडे, शिंप्याची पोर ना. टाचणीवरून मशीन मारली. ही लाल शिवण, ती. मग शिमग्याला आली. पुन्हा टाचण्या. “बाबांनू, आत घेवा.” ही निळी, ती. दोरा जुळवायलासुद्धा वेळ नव्हता मला, लग्नसराई होती. आणि पुढच्या चवथीला तिसरी. ही काळी.

आनंदी तेव्हा पोरीबद्दल मला म्हणाली होती, “चेडवाच्या गालाची हाडां दिसतत. तुमी इचारा तिका.” आणि मी काय म्हणालो? “सासरी कामां असतत, पोरगी वाळतलीच थोडी.” मशीन न थांबवता म्हणालो. वर आणखी हसून म्हणालो, बघ तिसऱ्यांदा आत घेतला तरी फुगा हलला नाही, याला म्हणतात हात! दुर्गा तिथेच उभी होती, तुम्ही बसलाय तिथे. ती पण हसली. ब्लाउज घालून बघितला, बरोबर बसला. बरोबर बसला, ताई! मी इतका खूश झालो.

दिवाळीच्या आधी निरोप आला. दोन दिवसांचा ताप म्हणाले. धडधाकट पोर, बावीस वर्षांची, दोन दिवसांच्या तापाने जाते? आम्ही पोचलो तेव्हा तिला उचललं तर — मी उचललं — काही वजनच नव्हतं. शेजारची एक बाई परसात हळूच हिला सांगून गेली, की तिचं ताट सगळ्यांच्या मागून वाढायचे, आणि उरलं नाही तर नाही. हुंड्यात काहीतरी राहिलं म्हणून. काय राहिलं ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. एका पेपरात दोन ओळी आल्या, ‘विवाहितेचे अल्पशा आजाराने निधन’. अल्पशा! कोणी विचारलं होतं त्यांना? घरात ताट मिळत नाही, हा कुठला आजार? दोन ओळींत उरकली माझी पोर, आणि खाली कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मोठी जाहिरात.

फौजदार आला होता. नाही, तो बरा माणूस होता, त्याला शिव्या द्यायची सोय नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, मुलीने कधी तक्रार केली होती का? काही पुरावा, एखादं पत्र? मी म्हणालो, नाही. तक्रार नाही. सही केली.

आणि इथे, या खणात, माझी मापाची वही होती. टेबलाच्या खणात म्हणतोय. ब्लाउज आत घेतला की त्याच्यावरच टेप धरून मी नवीन माप लिहून ठेवायचो, सवय — ‘दुर्गा, छाती चौतीस’. मग तेहतीस. मग एकतीस. मग साडेएकोणतीस. तारखांसकट. माझ्या अक्षरात. दीड वर्षात. फौजदाराला वही नुसती उघडून दिली असती तरी पुष्कळ झालं असतं. दिली नाही. का? का म्हणजे… लोक काय म्हणाले असते? बापाने स्वतः मापं लिहिली आणि बापाला दिसलं नाही! दुकानावर कोण आलं असतं? हे असलं आलं माझ्या मनात, पोरीची राख गरम असताना. वही चुलीत घातली. हिला सांगितलं, वाळवी लागली होती. तिने विश्वास ठेवला. अजून ती म्हणते, कुठे एक चिठ्ठी जरी सापडली असती तरी त्यांना सोडलं नसतं. मी मान हलवतो. तीस वर्षं मान हलवतोय.

तुम्ही रडू नका. रडू नका हो, बाय, तुमचा काय दोष? मला राग तुमचा नाही. तुम्ही निदान ब्लाउज उलटा करून बघितलात. पण याची नक्कल मी करणार नाही. बारा नाही, एकसुद्धा नाही. फुगा घ्या, भरतकाम घ्या, कापड मी मिळवून देतो, पण या रेघा कुणाच्या अंगावर शोभेसाठी मारायला माझा हात उठणार नाही. आणि हा ब्लाउज — ताई, हा मला द्याल? पैसे नकोत म्हणता? देव बरं करो तुमचं. मी काय करणार म्हणजे? उसवणार. बसून तिन्ही शिवणी उसवून टाकणार, चौतिशीवर आणणार आणि मग हिच्या हातात देणार. हिला बाहेरची फुलं दिसू देत. आतलं काही दिसायला नको. ती कात्री सरकवा जरा इकडे, ती लहान…

कोण? कधी उठलीस गो? …किती वेळ उभी आसस दारात?

काही नाही, गिऱ्हाईक आहे. पुण्याची. नमुना आणलाय तिने, दुसरं काही… आनंदी, सोड. दी हकडे. आधी चष्मा लाव, डोळ्यांका दिसत नाय तुका… बोटाने काय चाचपतस? आतसून नको बघू. आनंदी, माझा ऐक. मोजू नको गो. मोजू नको.

तीन आसत, आनंदी.

ताई, तुम्ही निघा आता. जाताना दार लोटून घ्या.