अंगठा नसलेलं पान

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे आणि उम्म सलालपासून ओल्ड एअरपोर्टपर्यंतच्या वस्त्यांतून दोह्यात जमलेल्या माझ्या लेकरांनो, तानूबाईचा नमस्कार घ्या. मला अक्षरओळख नाही. हे भाषण मी सांगितलं, नात निशिगंधानं लिहून घेतलं, मग मी पाठ केलं. तिनं काही गाळलं असेल तर इथंच सापडेल.

आमचे हे, देवीदास, जाऊन वर्ष झालं. आज त्यांचं लढाईवरचं पुस्तक निघतंय. एकाहत्तरला फौजेचा ट्रक चालवला, नंतर पंचवीस वर्षं इथं दोह्यात कंपनीची बस. तुम्ही त्यांना लेखक म्हणता. मी ड्रायव्हरच म्हणायची, म्हणून वळणावर आणता यायचे.

त्यांची एक रीत होती. लिहिलेलं पान न्याहारीनंतर मला वाचून दाखवायचे. पटलं की मी कोपऱ्यात शाईचा अंगठा उठवायचा. अंगठ्याशिवाय छापायचं नाही, हे त्यांनीच ठरवलेलं. इतका मान कुणा शिकलेल्या बाईला तरी मिळाला असेल का?

एका पानाला मात्र मी अंगठा दिला नाही. त्यात होतं: रस्त्याकडेला शत्रूचा एक जखमी जवान पाणी मागत होता. ट्रकमध्ये पाण्याचा भरलेला कॅन होता. ‘थांबायचा हुकूम नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.’

मी म्हटलं, “अहो, तुमचं शौर्य गावभर सांगून माझा घसा बसला. आता हे कशाला?”

“तानू, हे पान नसेल तर बाकीचं पुस्तक नुसती फुशारकी.”

दर शुक्रवारी ते पान पुढं करायचे, आणि मी भाजी निवडायला घ्यायची. शेवटच्या शुक्रवारीसुद्धा मेथीच निवडली.

परवा पुस्तक हातात आलं. निशिगंधाला विचारलं, “ते पान?”

“आजी, त्यावर तुझा अंगठा नाही. आजोबांचा नियम.”

पोरीचं काय चुकलं? चुकला तो माझा अंगठा.

आता हे पाठांतरातलं नाही. मघाशी अध्यक्षसाहेब म्हणाले, “आजी, छापून झालं, आता खलास.” साहेब, खलास कसं? तीनशे प्रती मागे गठ्ठ्यात आहेत. त्या पानाच्या तीनशे झेरॉक्स नातीनं आणल्यात. मैद्याची खळ मी सकाळीच शिजवलीय. प्रत्येकानं आपल्या प्रतीत ते पान चिकटवायचं आणि माझ्यापुढं रांगेनं यायचं. जेवणाची झाकणं त्यानंतर उघडतील.

शाल दिलीत, नारळ दिलात, मंडळाचे उपकार आहेत. म्हातारीच्या तोंडून कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. निशिगंधा, आधी आजोबांच्या हातचं पान आण. शाईचं पॅडही आण.

अहो, उशीर झाला. हा घ्या.