गुलाबभाऊंची माफी

कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मले त्या गोष्टीची आजही लाज वाटते.

नंदनवन वस्तीत राहत होतो तेव्हा बदली झालेल्या एका साहेबाकडून मी जुना कूलर घेतला होता. त्याची मोटार जळाली, म्हणून गुलाबभाऊ मेकॅनिककडून आतली जळकी तार काढून ती नव्यानं बांधून घेतली. कूलर दोन दिवस चालला अन् भर मे महिन्यात बंद पडला. घरात बायको तापानं फणफणून राहिली होती. मी तशीच कूलरची मोटार काढली अन् त्यांच्या दुकानात गेलो. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईकांची गर्दी.

"तांब्याची तार ठेवून घेतली अन् भलतीच भरली ना तुम्ही? चोर आहा तुम्ही," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

गुलाबभाऊ हळूच म्हणाले, "मोटार चांगली आहे भाऊ. घरचं कनेक्शन पाहून घ्या."

मी ऐकलं नाही. मोटार उचलून निघालो. माझ्यामागं दोन गिऱ्हाईकं आपापले पंखे परत घेऊन बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी वायरमनले बोलावलं. घरच्या बटणातली तार जळाली होती. ती बदलली, अन् त्याच मोटारीवर कूलर सुरू झाला.

दुपारीच मी माफी मागायले गेलो. गुलाबभाऊ दुकानात एकटेच बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही मले चोर म्हणाले तेव्हा दुकान भरलेलं होतं, भाऊ," ते म्हणाले. "आज आपण दोघंच आहोत."

संध्याकाळी गर्दीच्या वेळी पुन्हा जायचं मी ठरवलं होतं. गेलो नाही.