क्रोटनवरचा दिवा

"लातूरच्या इतिहासात आता माझं नाव निघणार!" पिठाच्या गिरणीच्या रांगेत माझ्यापुढं उभे असलेले महापालिकेच्या बागेतले माळी, बसवराजअप्पा, गरजले.

"निघेल. आधी डबा पुढं सरकवा," शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विशाखाबाई म्हणाल्या.

"ऐका तर बाई! शोभेचा दिवा होता क्रोटनच्या झुडपावर. अन् बाजूच्या बाकड्यावर जळकोटची एक पोरगी अंधारात पुस्तक वाचायली होती. मी दिव्याची मान तिच्याकडं वळवली."

"म्हणून साहेबांनी नोटीस दिली ना?"

"दिली की! 'रंगीत पानं दिसत नाहीत, खुलासा करा, न्हाईतर घरी बसा.'"

"मग?"

"काल निकाल लागला. पोरीचा मेडिकलला नंबर! पेपरात म्हणली, बागेतल्या दिव्याखाली अभ्यास केला. आज सकाळी साहेब स्वतः आले, नोटीस फाडली. म्हणले, अप्पा, समदे दिवे बाकड्यांकडं वळवा!"

"आणि क्रोटनचं काय?"

"त्याला कुठं डॉक्टर व्हायचंय?"

"वा, अप्पा! जिंकलात."

"लई गर्दी हाय आता. लोक त्या बाकड्याला हळदकुंकू लावायलेत."

"शुद्ध अडाणीपणा! अभ्यास पोरीनं केला. बाकड्यात काय असतं?"

"खरं हाय बाई."

"तेच तर."

गिरणीवाल्यानं अप्पांचा डबा उचलला. बाई जरा पुढं झाल्या.

"अप्पा, आमची उर्वी बारावीला आहे. संध्याकाळी तेवढा रुमाल टाकून ठेवाल? त्याच बाकड्यावर. दुसरं नको."