खुंटापाशी मोजलेले मासे

हॅलो? … हां, रादिम, बोल. तळ्याच्या बांधातल्या मोरीच्या फळ्या काढल्यास? … दोनच? का थांबलास? शनिवारी मासे धरायचेत, तळं कधी रिकामं होणार, नाताळला?

… काय बारीक? … अरे, नीट बोल ना, नुसता वारा ऐकू येतोय! … डोकं मोठं, पाठ सुरीसारखी? हं. असतो एखादा आजारी. … नऊ? नऊच्या नऊ तसेच? … तुझा वजनकाटाच बिघडलाय. … बरं, परत मोज. तोंडापासून शेपटीपर्यंत, हां… पंचेचाळीस सेंटीमीटर. आणि वजन? … अकराशे ग्रॅम? काहीतरीच काय! तेवढ्याच लांबीचा माझा कार्प दोन किलो भरतो. दर महिन्याला मोजलेत मी. बादलीतून बाबांना आणून दाखवलेत. पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, क्वेता, तू माझ्याहून सरस निघालीस…

… जाळं कुठे टाकलंस पण? लव्हाळ्याच्या कोपऱ्यात? तिकडे कशाला? … मी? मी आपली खुंटापाशी टाकते. गहू तिथेच टाकतो आपण, मासे तिथेच…

… अरे देवा.

… नको, बोलू नकोस. कळलं मला. दांडगे तेवढे खुंटापाशी घुसतात, बाकीचे उपाशी. आणि मी चार महिने दांडग्यांनाच मोजत बसले! … हसू नकोस रे, रडायला येतंय मला.

… हो, माहितीय. असले हडकुळे आत्ता धरून हौदात ठेवले तर नाताळच्या विक्रीपर्यंत टिकायचे नाहीत. … हो, हो, पाणी अजून उबदार आहे, धरणं पुढे ढकललं तर महिनाभर खातील. पण बाबा? सोमवारी पाय कापणार आहेत त्यांचा! शनिवारी बांधावर खुर्ची टाकून बसायचं, एवढंच तर मागितलंय त्यांनी. कोणत्या तोंडानं सांगू? … तू सांग. … नाही, तूच…

… थांब. … बाबा? दारात केव्हापासून उभे आहात? … हो. … खुंटापाशीच. दर वेळी. … चुकलं माझं, बाबा.

… रादिम? आहेस ना? फळ्या परत लाव. … हो, त्यांनीच सांगितलं. … नाही ओरडले. ओरडले असते तर बरं झालं असतं. … आता टोपी शोधतायत. … कुठे म्हणजे? तिकडेच! होडी लव्हाळ्याकडे आण, गव्हाचं पोतं मी गाडीत टाकते. … अरे, मीही तेच म्हटलं, गारठा आहे, पाय सुजलाय… ऐकतायत कुठे? म्हणतात, त्या उपाश्यांना पहिलं घमेलं मीच घालणार, मग सोमवारी काय कापायचं ते कापा.

… बाबा, थांबा हो, काठी! … ठेवते रे, निघाले ते.