नंबरचं भिंग

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढच्या बाईंनी जुना फिल्मचा कॅमेरा काउंटरवर ठेवला.

“काका, बाबांचा आहे हा. डोळा लावला की सगळं धूसर दिसतं.”

“बिघाड नाहीये, ताई. बघायच्या खिडकीत मोठ्या नंबरचं भिंग बसवून घेतलंय, चष्म्याशिवाय फोटो काढता यावेत म्हणून.”

“बाबांना कुठे चष्मा होता?”

“मग दुसरं कुणी वापरत असेल.”

“छे! कुणाला हात लावू देत नसत. आमच्या जन्माआधीचे फोटो भिंतीवर आहेत, प्रत्येकावर बाबांची सही.”

“भिंगही तेव्हाचंच, कॅमेऱ्याइतकंच जुनं आहे. घरात चष्मा कुणाला होता?”

“आईला. पण तिला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, असं बाबाच म्हणायचे.”

“काढून टाकू भिंग?”

“नको. फोटोवरची शाईची सही कशाने निघते, तेवढं सांगा.”