रिकाम्या टोपल्या

कैरोतल्या फोन कंपनीच्या दुकानात रांग हलेना. रांगेतल्या हिल्मीच्या पुढे दोन शेजारणी, इन्साफ आणि ताहेरची आई उम्म ताहेर, कुजबुजत होत्या.

"इन्साफ, कंपनीचं हे नवीन चिन्ह म्हणजे अंडं का गं?"

"सूर्य आहे म्हणे, उम्म ताहेर."

"डोंबलाचा सूर्य! त्याच्या कौतुकापायी परवा घरोघर मिस्ड कॉल दिले मेल्यांनी."

"मला वाटलं, आमच्या ह्यांची नेहमीची खूण, भाजी घेऊन खाली आलेत. लगेच दोरीनं टोपली सोडली बाल्कनीतून."

"अख्ख्या गल्लीनं सोडल्या!"

"मग खरंच ह्यांचा मिस्ड कॉल आला, तर मी म्हटलं कंपनीच असेल. पिशव्या घेऊन चार जिने चढले बिचारे. तेव्हापासून अबोला आहे."

"आणि कंपनीचा माणूस खाली फोटो काढत होता."

"टोपल्यांचे? कशाला?"

"ती भिंतीवरची जाहिरात वाच."

"'नव्या सूर्याच्या स्वागताला अख्खी गल्ली बाल्कनीत!'"